मोटर भंगारातली, वायर नवी

पावसाळ्यात सुरतेत भेस्तानहून रिंग रोडच्या कापड मार्केटात फेऱ्या मारणाऱ्या कुठल्याही पिकअपवाल्याला विचारा, की बाबा, तुझ्या गाडीत सगळ्यात लांब काय? तो म्हणेल, डावीकडच्या काचेचं हँडल. क्लीनर ठेवणं परवडत नाही, गाडीत माणूस एकटाच. निघताना ऊन असतं, काच खाली असते. उधना दरवाज्यापर्यंत पोचेतो सर येते आणि शेजारच्या सीटवर ठेवलेल्या चलानाचा लगदा होतो. एक हात स्टिअरिंगवर ठेवून, आडवं होऊन ते हँडल फिरवायचा उद्योग प्रत्येकाने एकदा तरी केलेला असतो. मीही केला. नेमका त्याच क्षणी पुढच्या रिक्षाने ब्रेक मारला. रिक्षा वाचली, मी वाचलो, आणि त्याच आठवड्यात पावर विंडो बसवायची असं ठरलं.

नवी गाडी घेण्याची ऐपत नाही, आणि गरजही नाही. दहा-पंधरा वर्षांची बोलेरो पिकअप किंवा टाटा २०७ इंजिनाने अजून धडधाकट असते. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये ग्रे कापडाचे ताके पोचवायला तिला कोणी नाव ठेवत नाही. तिच्यात नसतात त्या चार सुखसोयी, आणि त्या भंगारात गेलेल्या गाड्यांतून निघतात. माझी दोन्ही दारं मी अशीच केली. पहिल्या खेपेला चुकलो, दुसऱ्या खेपेला जमलं. जमलं त्याचं सूत्र शीर्षकातच आहे: मोटर, काच वरखाली करणारं मशीन, स्विच जुने चालतील, वायर, फ्यूज आणि रिले मात्र कोरे.

आधी काय बसवायचं ते ठरवा. भंगारवाल्याकडे गेलं की सगळंच हवंसं वाटतं. माझ्या मते पिकअपला पावर विंडो पहिली, सेंट्रल लॉक दुसरं. बटणावर फिरणारे आरसे कारला शोभतात. पिकअपचा दांड्यावरचा मोठा आरसा हाताने फिरवायला दोन सेकंद लागतात, त्यासाठी दार भोसकण्यात अर्थ नाही. पावर स्टिअरिंगचा मोह खरा मोठा, कारण लोड गाडी वळवून खांदे भरून येतात. पण त्यात इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा पंप, दाबाचे होज, वेगळा स्टिअरिंग बॉक्स असं सगळं येतं. ते विजेचं काम नव्हे, जिवाचं काम आहे. ज्याला ते करायचंच असेल त्याने कंपनीचे सुटे भाग घेऊन जाणत्या मेकॅनिककडून करावं. भंगारातून स्टिअरिंगचा, ब्रेकचा किंवा सीटबेल्टचा एकही भाग घरी आणू नये. अपघातात एकदा ताणला गेलेला बेल्ट वरून नव्यासारखाच दिसू शकतो.

आता बाजारात जाण्याआधीचं काम, जे बहुतेक जण करत नाहीत. स्वतःच्या गाडीचं दार आधी उघडून बघा. काचेचं हँडल काही गाड्यांत स्क्रूने बसवलेलं असतं. बऱ्याच जुन्या गाड्यांत मात्र ते यू आकाराच्या तारेच्या क्लिपने अडकलेलं असतं आणि ती क्लिप बाहेरून दिसत नाही. पेचकस घालून उचकटू नका, दाराचं पॅड फाटेल. एक जुनी सुती चिंधी घ्या, हँडल आणि पॅड यांच्यामधल्या फटीत घाला आणि बूट पॉलिश केल्यासारखी दोन्ही टोकांनी मागेपुढे ओढा. क्लिपची टोकं चिंधीत अडकतात आणि क्लिप टुणकन उडते. ती कुठे उडते इकडे लक्ष ठेवा. माझी पहिली क्लिप अजून सापडलेली नाही.

पॅड निघालं की आत प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. तो फाडू नका, हळूहळू सोडवून बाजूला घडी करून ठेवा. तो कचरा नाही. काचेवरून दारात उतरणारं पाणी आत केबिनमध्ये येऊ नये म्हणून लावलेला असतो. आता आतला पत्रा, त्यातली भोकं आणि काच वरखाली करणारं मशीन समोर असेल. साडीच्या खोक्याचा एक मोठा पुठ्ठा घ्या, पत्र्यावर दाबून धरा आणि ग्रीस लागलेलं बोट भोकांच्या कडांवरून फिरवा. मशीनचे बोल्ट कुठे आहेत, मोटरसाठी किती जागा आहे, काच खालच्या पट्टीला कुठे पकडलेली आहे, हे सगळं पुठ्ठ्यावर उमटतं. त्यावर ठळक लिहा: डावं. उजव्या दारासाठी दुसरा पुठ्ठा. डावं-उजवं आरशासारखं उलट असतं, आणि दुकानात उभं राहून मशीन हातात उलटसुलट फिरवताना भल्याभल्यांची गल्लत होते.

हा पुठ्ठा काखेत मारून बाजारात जा. भेस्तानपासून उन आणि पुढे सचिनपर्यंतच्या पट्ट्यात जुन्या सामानाची, भंगाराची छोटीमोठी दुकानं आहेत. मोठं काम असेल तर मुंबईला कुर्ल्यात जाणारेही आहेत. दुकानदाराशी गुजरातीत, हिंदीत, मराठीत, कशातही बोला. माझ्या ओळखीचा एक जण साक्रीकडचा, अहिराणी बोलणारा निघाला, त्यामुळे आमचा सौदा ‘कितलाले?’ने सुरू होतो. जुन्या मालाला ठरलेला भाव नसतो. पण पुठ्ठा बघितला की दुकानदाराला कळतं, की हा माणूस तयारी करून आला आहे, आणि पहिला सांगितलेला आकडाच खाली येतो.

शोध त्याच घराण्यात घ्या. टाटांनी १९८८ साली टाटामोबाइल पिकअप आणली आणि १९९४ ची सुमो त्याच पायावर उभी राहिली. २०७ ही टाटामोबाइलचीच पुढची पिढी, म्हणून २०७वाल्याने आधी सुमोच्या दारांकडे बघावं, बोलेरो पिकअपवाल्याने पावर विंडोवाल्या बोलेरो जीपकडे. जुळेलच असं धरून चालू नका. मॉडेल बदलत गेलं तसे बोल्टही सरकले आहेत, निकाल पुठ्ठाच देईल. काहीच जुळलं नाही तर जुन्या हँडलच्या दांड्यावर बसणारं नवं युनिव्हर्सल किट बाजारात मिळतं. ते कमी ताकदीचं असतं, पण दाराला धक्का लागत नाही.

मोटर एकटी घेऊ नका. मशीन, मोटर, काच पकडणारी क्लिप आणि वायर जोडायचा कपलर असा पूर्ण जोड मागा. कपलरला मागे निदान वीतभर वायर हवी. भंगारवाला घाईत कपलरच्या मुळाशी वायर कापतो आणि मग तो कपलर कुठेच मिळत नाही. वीतभर शेपूट असेल तर तिला नवी वायर जोडता येते.

सुरतेत एक गोष्ट जास्तच बघावी लागते: पाणी. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून पाणी सोडल्यावर शहराचा मोठा भाग बुडाला होता, ते आठवणारे अजून आहेत. त्यानंतरही इथे खाडीपूर येतच असतो. बुडालेली गाडी भंगारात येते, तिचं सामान धुऊन-पुसून फळीवर लागतं. वरून ते स्वच्छ दिसेल, म्हणून कपलर उघडा. पितळी पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर दिसला, आत बारीक गाळ दिसला, किंवा मोटरच्या खालच्या अर्ध्या भागावर गंजाची आडवी रेघ दिसली, तर ती मोटर पाण्यात राहिलेली आहे. आज चालेल, दिवाळीपर्यंत बसेल.

मग चालवून बघा. मी खिशात दोन मीटर वायर ठेवतो, टोकांना चिमटे आणि मध्ये २० अँपिअरचा फ्यूज. बॅटरी दुकानदाराकडे असतेच. पावर विंडोच्या साध्या मोटरला दोनच वायरी असतात. अशी जोडली की काच वर, उलटी जोडली की खाली. दोन्ही बाजूंनी चालवा. एकसारखी घरघर चांगली. कटकट आवाज आला तर आतल्या नायलॉनच्या गिअरचे दात गेले आहेत. जळक्या वॉर्निशचा वास आला तर पुढे बोलूच नका. नुसती मोकळी मोटर कोणतीही फिरते, म्हणून थोडा भार द्या. मशीनच्या पट्टीवर लाकडाचा तुकडा दाबून धरा, बोटं नकोत. भाराखाली बरीच दमली तर नाही म्हणा. फार वेळ अडवून धरली तर मात्र बंद पडेल आणि मिनिटभराने आपोआप चालू होईल. बऱ्याच मोटरींच्या आत गरम झाल्यावर तोडणारं संरक्षण असतं, तो दोष नव्हे. आणि मोटर १२ व्होल्टची आहे ना, हे लेबलवर बघा. बस आणि मोठ्या ट्रकचं सामान २४ व्होल्टचं असतं, ते आपल्या गाडीत गोगलगायीसारखं चालेल.

एक धोका जिवावरचा. कात्रीसारख्या पट्ट्यांच्या मशीनमध्ये काचेचं वजन तोलायला घड्याळाच्या कमानीसारखी मोठी स्प्रिंग असते. मोटर मशीनपासून सुटी केली की ती स्प्रिंग एका झटक्यात मोकळी होते आणि पट्टी बोट तोडू शकते. मोटर बदलायचीच असेल तर आधी पट्टी आणि पत्रा यांच्यातून आरपार बोल्ट टाकून ती जखडा, मग स्क्रूला हात लावा. केबलवर चालणाऱ्या मशीनला ही भीती नाही. तिथे केबल उसवलेली आहे का तेवढं बघायचं.

पावती घ्या, कच्ची नव्हे. चोरीच्या गाड्या फोडून विकणारे बाजार या देशात होते आणि आहेत. मेरठचा सोतीगंज त्यासाठीच बदनाम होता, डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी तो बंद पाडला. चोरीचा माल चोरीचा आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला कारण असून घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली घेणाराही अडकतो. ज्यावर इंजिन किंवा चॅसिस नंबर ठोकलेला असतो असं काहीही घेऊ नका. दुकानदार पावती द्यायला टाळाटाळ करत असेल तर पुठ्ठा परत काखेत मारा.

बदलांबद्दल लोकांच्या मनात उगाच भीती असते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकातला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा बजावलं. परवानगीशिवाय असा फेरफार केला तर प्रत्येक बदलाला पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण काच बटणाने चढते की हाताने, हे आरसी बुकात लिहिलेलं नसतं. फक्त काचेसकट दार आणलंत आणि त्या काचेवर काळी फिल्म असेल तर ती खरवडून काढा. तिच्यावर २०१२ मध्ये बंदी आली.

आता वायरिंग, म्हणजे खरं काम.

पहिला प्रश्न सगळे विचारतात: डायनॅमोला झेपेल का? झेपेल. काच चढायला चार-पाच सेकंद लागतात, तेवढ्यापुरताच करंट. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळत असतील आणि रात्रभर उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास असतील, तर चिंता नाही. अडचण दुसरीकडे असते. काच कोरड्या रबरात अडकते, मोटर जोर लावते, आणि तेव्हा करंट एकदम २० अँपिअरच्या घरात जातो. त्या क्षणी वायर बारीक असेल तर ती तापते. पॅडच्या मागे, प्लॅस्टिकच्या कागदाला चिकटून तापलेली वायर म्हणजे काय, ते सांगायला नको.

हिशोब सोपा आहे. बॅटरीपासून डाव्या दारापर्यंत वायर फिरवत नेली की पाच मीटर सहज लागतात. भंगारातल्या जुन्या वायरिंगमधून काढलेली ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर वापरलीत तर १० अँपिअरला वाटेतच सव्वा व्होल्ट खर्च होतो. पावसात, इंजिन आयडलवर असताना काच अर्ध्यात दमते ती याचमुळे, आणि शिव्या मोटरला बसतात. तेच अडीच चौरस मिलिमीटरच्या नव्या वायरीत एक तृतीयांश व्होल्टच जातो. शिवाय जुनी वायर कुठे चिरली आहे, कुठे आतून काळी पडली आहे, हे टेपखाली दिसत नाही. मोटर खराब निघाली तर काच बंद पडते. वायर खराब निघाली तर गाडी जाते.

बॅटरीच्या प्लसपासून वीतभरात २५ अँपिअरचा फ्यूज, म्हणजे त्यापुढची सगळी वायर त्याच्या राखणीत. मग रिले. त्याच्या मागच्या चार पिनांचे आकडे जर्मन मानकातून जगभर तेच झाले आहेत: ३० वर फ्यूजकडून येणारी वायर, ८७ वरून स्विचांकडे जाणारी, ८५ बॉडीला, ८६ इग्निशनला. ८६ इग्निशनला हवीच, कारण चावी काढल्यावर काच हलता कामा नये. या जुन्या विंडोंना मध्ये हात आला तर थांबायची अक्कल नसते, आणि उभ्या गाडीत खेळायला पोरं येतातच. स्विचही ओढल्यावर वर आणि दाबल्यावर खाली असा मिळाला तर बघा. गुडघा किंवा कोपर टेकून काच वर जाणार नाही.

बॉडी अर्थ पेंटवर कसू नका. पत्रा घासून चमकवा, थिंबल कसा, वर थोडं ग्रीस.

आता माझी चूक. डाव्या काचेला दोन स्विच हवे होते, एक डाव्या दारावर, एक माझ्या हाताशी. मी विचार केला, मोटरला दोन वायरी, दोन्ही स्विच त्याच दोन वायरींना जोडू. जोडले. माझा स्विच दाबला आणि फट् असा आवाज होऊन फ्यूज उडाला. दुसरा टाकला, तोही उडाला. आमच्या गल्लीत नाना आहेत, आयुष्यभर मोटारींचं वायरिंग केलेले. ते आले, चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाले, ‘अरे, दुसरा स्विच झोपलेला असतो तेव्हा काय करत असतो?’ मला सांगता येईना. उत्तर असं, की पावर विंडोचा स्विच न दाबता असतो तेव्हा मोटरच्या दोन्ही वायरी बॉडीला जोडून ठेवतो. म्हणजे मी माझ्या स्विचने प्लस पाठवला, तो दुसऱ्या स्विचमधून थेट बॉडीत. सरळ शॉर्ट.

बरोबर जोडणी अशी: डाव्या दारावरच्या स्विचच्या ज्या दोन पिना झोपेत बॉडीला जायच्या, त्या बॉडीला न जोडता ड्रायव्हरच्या स्विचच्या दोन आउटपुटला जोडायच्या. मोटर फक्त डाव्या स्विचला. बॉडी मिळते ती ड्रायव्हरच्या स्विचमधून, फिरून. डाव्या दाराच्या स्विचला मग पाच वायरी होतात: एक प्लस, दोन मोटरच्या, दोन ड्रायव्हरकडून आलेल्या. म्हणून स्विच घेताना पाच पिनी बघून घ्या. हे जमलं नाही तर डावीकडे स्विच न देता एकच ड्रायव्हरकडे ठेवा. माल उतरवणाऱ्या हमालाला बटण नसलं तरी बिघडत नाही.

फ्यूज उडत होता तेव्हा मोठा फ्यूज टाकायचा मोह मला झाला होता, तेही कबूल करतो. तिसऱ्या खेपेला ४० चा टाकला असता तर फ्यूज जास्त वेळ टिकला असता आणि तेवढ्यात वायर पेटू शकली असती.

दारात वायर नेताना रबर बूट नवा घ्या. खांबात भोक पाडलंत तर कडा घासा, प्रायमर लावा, ग्रोमेट बसवा. दार पूर्ण उघडल्यावर वायर ताणली जाणार नाही एवढी ढील द्या, आणि बूटाच्या बाहेर वायरीला थोडा खालच्या बाजूला झोल द्या; पाणी तिथूनच टपकेल, आत चढणार नाही. सांधे पिळून टेप मारलेले नकोत. थिंबल दाबा किंवा सोल्डर करा, वर स्लिव्ह. पॅड बंद करण्याआधी काचेच्या रबराच्या खाचा साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून सिलिकॉनचा स्प्रे मारा. ग्रीस नको, धूळ धरतं. दाराच्या तळाशी पाणी जायची बारीक भोकं असतात, ती पेचकसाच्या टोकाने मोकळी करा. प्लॅस्टिकचा कागद परत चिकटवा. बरेच जण तो फेकतात आणि दोन पावसाळ्यांत मोटर गंजून जाते.

सेंट्रल लॉकवर मी जास्त शाई खर्च करणार नाही. ते भंगारातून घेऊ नका, नवं किट स्वस्तात येतं. ड्रायव्हरच्या दारात पाच वायरींचं, दुसऱ्या दारात दोन वायरींचं यंत्र बसतं. यंत्राचा दांडा लॉकच्या दांड्याशी सरळ रेषेत बसला पाहिजे, तिरका बसला की महिन्याभरात अडकतो. मात्र ताके भरलेली गाडी चहाला थांबवून उतरणाऱ्याला हे लॉक विंडोपेक्षा जास्त उपयोगी आहे, एवढं खरं.

आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दर वर्षी फिटनेस लागतं. त्याआधी एकदा सगळे दिवे, हॉर्न, वायपर आणि दोन्ही काचा एकदम चालवून बघा. लटकलेली वायर दिसली तर फिटनेसच्या तपासणीत नाही, आपल्याच अंगणात ती बांधा.

आणि एक पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा डॅशबोर्डच्या कप्प्यात आतून चिकटवा. त्यावर मराठीत आणि हिंदीत लिहा: फ्यूज कुठे, किती अँपिअरचा, रिले कुठे, कुठल्या रंगाची वायर कुठून कुठे जाते. शेजारी दोन जादा फ्यूज टेपने लावा. गावी जाताना नवापूर ओलांडून कोंडाईबारीचा घाट लागतो. तिथे मध्यरात्री पावसात काच अर्ध्यावर अडकली आणि पुढच्या गावातला पोरगा टॉर्च दातात धरून तुमच्या डॅशबोर्डखाली वाकला, की तो आधी विचारतो, ‘भाऊ, लाल वायर कुठं जाते?’